मामा, आवाज बेअरिंगचाच होता

मामा,

काल केंदूरच्या विहारात तुमचं पुण्यानुमोदन झालं. त्रिशरण-पंचशील झालं. कुरकुंभच्या कंपनीतले तुमचे जुने सोबती बोलले. मग बौद्धाचार्य म्हणाले, "आता घरातल्या माणसानं दोन शब्द बोलावेत." सगळ्या माना दिलीपकडं वळल्या. तुमचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा तो. त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "सुजाताला बोलू द्या."

मी उठले. पांढऱ्या साडीचा पदर सावरला. समोर सगळी भावकी, आयाबाया, कोपऱ्यात माझी आई. मी "जय भीम" म्हणाले. पुढचं काही येईना. मी तशीच खाली बसले. कुणीतरी मागून म्हणालं, "बिचारीला शोक अनावर झालाय." तसं नव्हतं, मामा. बोलायला खूप होतं. पण जे होतं ते लोकांपुढं कसं सांगायचं? सासरा आणि सून दोघंच एका खोलीत राहायची, एका फॅनवरून भांडायची, हे सांगायचं?

आज सकाळी कारेगावच्या खोलीवर परत आले. कंपनीतून अजून सुट्टी आहे. झोपावं म्हटलं तर डोळा लागत नाही. ओटा पुसला, परत पुसला. तुमची खाट भिंतीला लावली, मग उगाच होती तिथं ओढली. शेजारची पूनमभाभी दोनदा डोकावून गेली. "कुछ खा लो, दीदी." नाही खाल्लं. बसवत नाही आणि उठलं तर करायला काही नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय. काल जे बोलायचं राहिलं ते.

तुम्ही या खोलीत आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. दिलीप तोवर दौंडला राहायला गेला होता. कुरकुंभच्या शिफ्टला दौंड जवळ पडतं, असं तो मला सांगायचा. पुढं कळलं की दौंडात त्याचं दुसरं घर आहे आणि तिथं पाळणाही हलला आहे. आमच्या घरात तो कधी हलला नव्हता. त्यावरून ज्यांना जे बोलायचं होतं ते सगळ्यांनी बोलून घेतलं. आई म्हणाली, माहेरी ये. मी म्हटलं, माझी नोकरी इथं आहे, मी कुठं येऊ? आणि एका रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. तुम्ही उतरलात. एक ट्रंक, एक पिशवी आणि गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड.

"केंदुरात करमंना," तुम्ही म्हणालात. मग गोधडीकडं बोट केलंत. "तुझ्या खोलीतला फॅन मालकाचा हाय, त्यो नुसता फिरतो, वारा देत न्हाई. ह्यो आपल्या घरचा हाय. चांगला जड हाय."

एवढंच. लेक सोडून सुनेकडं का आलात, किती दिवस राहणार, काही नाही. मी चहा टाकला. मालकाच्या ओळखीचा वायरमन आला, त्यानं जुना फॅन काढून तुमचा लावला. त्याच्याखाली तुमची खाट पडली. मी पलीकडं गादी घालायला लागले. मधे एक जुनी साडी पडदा म्हणून बांधली. चाळीतल्या बायकांनी आठवडाभर पडद्याची चर्चा केली, मग त्यांनाही सवय झाली.

तुमच्या केंदूरच्या घरात माझं जे काही बोलणं व्हायचं ते सासूबाईंशी. त्या गेल्यावर तुम्ही आणि मी फार बोललेलोच नव्हतो. इथं बोलायला लागलो. तेही आधी भाजीत मीठ किती यावरून, मग बातम्यांवरून, मग सगळ्यावरूनच. मी तिसऱ्या पाळीवरून सकाळी यायचे तेव्हा तुम्ही भात लावून ठेवलेला असायचा. करपलेला. मी म्हणायचे, "मामा, पाणी कमी पडलं." तुम्ही म्हणायचात, "तांदूळच तसला हाय." तुमची चूक कबूल करून घ्यायची म्हणजे दगडातून पाणी काढायचं.

मग या उन्हाळ्याच्या सुरुवातीला फॅन वाजायला लागला.

पहिल्यांदा मला वाटलं बाहेर कुणी काही ठोकतंय. कट्... कट्... कट्. पाळीवरून येऊन नुकतीच पाठ टेकलेली. डोळे मिटले की तो आवाज कानाशी. उशी डोक्यावर घेतली तरी येतोच. बंद करावा तर पत्र्याला लागून असलेली ही खोली भट्टीसारखी तापते आणि तुम्हाला धाप लागते. चालू ठेवावा तर मला झोप नाही. आणि आमच्या लाइनवर झोप नसून चालत नाही. पाळीभर हातात येणारा एकेक पार्ट दिव्याखाली फिरवून बघायचा, बारीक ओरखडासुद्धा सुटता कामा नये. डोळे मिटायला लागले की सुपरवायझर मागं येऊन उभा राहतो.

"बेअरिंग गेलंय," तुम्ही पहिल्याच दिवशी निकाल दिलात.

तुमच्या मते जगातलं काहीही बिघडलं की बेअरिंगच गेलेलं असायचं. मिक्सर घरघरला, बेअरिंग. मालकाची पाण्याची मोटर, बेअरिंग. रांजणगावच्या चढाला रिक्षा अडली, बेअरिंग. तुमचा गुडघा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरांसमोर म्हणालात, "बेअरिंग गेलंय साहेब," आणि डॉक्टर हसायच्या ऐवजी एक्स-रे लिहून मोकळे झाले. म्हणून मी तुमच्या निकालाकडं लक्षच दिलं नाही. मी म्हटलं, "पात्यांवर धूळ बसलीय. एक पातं जड झालं की फॅन हलतो आणि वाजतो."

मी कंपनीत असताना तुम्ही खाटेवर उभं राहून वरून खोबरेल तेल ओतलंत. घरी आले तर माझ्या उशीवर तेलाचे डाग आणि खोलीभर केस विंचरल्यासारखा वास. आवाज तसाच.

"तेल मुरायला टाइम लागतो," तुम्ही म्हणालात.

मी पाती पुसली. ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. प्रत्येक पात्याचे स्क्रू आवळले. केरसुणीची दांडी छताला टेकवून पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर बघितलं, तर एक पातं बाकीच्यांपेक्षा खाली आलेलं. मी आनंदानं ओरडलेच. तुम्ही खाली उभे राहून म्हणालात, "वाकव हळूच. मोडशील." मी ते हळूच वर उचललं, सरळ केलं. बटण दाबलं. फॅनचं हलणं थांबलं. आवाज तसाच.

"बगा," तुम्ही म्हणालात. तुम्ही इतके खूश झाला होतात की मला राग यायच्या ऐवजी हसू आलं.

मग मी म्हटलं, रेग्युलेटर असेल. तो कमी-जास्त करून बघितला. आवाजाचा वेग बदलत होता, आवाज नाही. बटण बंद केलं आणि कान लावून उभी राहिले. वीज गेली तरी पाती फिरत होती आणि फिरताना कट् कट् चालूच होतं. म्हणजे वायरीचा, कंडेन्सरचा दोष नाही, हे मला पटलं. काहीतरी लोखंडच लोखंडाला लागतंय. तुम्ही म्हणालात, "मी कवापास्नं काय म्हनतोय?" मी म्हटलं, "वर हूक झाकणाऱ्या वाटीचा स्क्रू ढिला असेल. ती दांडीवर आपटत असेल." तुम्ही म्हणालात, "वायरमनला बोलीव. तू नको चढू." मी म्हटलं, "का? मी बाई म्हणून?" तुम्ही चिडलात. "बाई म्हनून न्हाई. पडशील म्हनून."

रविवार होता. मी खाट बाजूला ओढली, पूनमभाभीकडून उंच स्टूल आणलं, मेन बंद केला आणि चढले. तुम्ही दोन्ही हातांनी स्टूल धरून बसलात. तुमच्या शेजारी पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर. मी वाटीचा स्क्रू सोडवत होते, तेवढ्यात तुम्ही खालून म्हणालात, "सुजाता, एक इचारू?"

"विचारा की."

"आता तू वर हाईस. मधेच उठून चुलीकडं जाता यायचं न्हाई तुला. म्हनून आत्ताच इचारतो." तुम्ही स्टूल अजून घट्ट धरलंत. "तुझ्या मनात आजून दिलीप हाय का?"

माझा हात स्क्रूवर होता. मी म्हटलं, "पक्कड द्या."

"देतो. आधी बोल."

"पक्कड द्या, मामा."

"सोडचिठ्ठीचा कागद करून टाक, पोरी. मोकळी हो. तुझं वय काय झालंय? मी जाईन उद्या. मग हितं एकटी कुनाची वाट बघत बसशील?"

मी हात खाली केला. तुम्ही पक्कड दिलीत. मी स्क्रू फिरवला आणि वाटी दांडीवरून खाली सरकली.

आणि मला हुकाजवळचा बोल्ट दिसला. ज्या बोल्टवर सगळा फॅन लटकतो तो एका बाजूनं बाहेर आला होता. तो सरकू नये म्हणून टोकाला आरपार पिन घातलेली असते, ती नव्हतीच. बोल्टचं टोक पलीकडच्या भोकाला नुसतं टेकलेलं. अजून थोडं सरकलं असतं की सगळं वजन खाली. आणि त्याच्या खाली रोज तुमची खाट असायची.

"मामा, बाजूला व्हा."

"का?"

"फॅन पडतोय. बोल्ट निसटलाय. बाजूला व्हा म्हणते ना!"

तुम्ही बाजूला झाला नाहीत. "तू वर हाईस आन् मी बाजूला हू?" असं काहीतरी पुटपुटत तुम्ही खाट ओढून आणलीत, तिच्यावर चढलात आणि दोन्ही हात वर करून फॅनचं पोट खालून धरलंत. तुम्ही. जिना चढला तरी ज्यांना अर्ध्यात थांबावं लागायचं, ते तुम्ही. धाप ऐकू येत होती. मी म्हणत होते सोडा, तुम्ही म्हणत होतात, "बोलत नको बसू, तुझं काम कर." मी हातोडीसारखी पक्कड धरून बोल्ट आत ठोकायला बघत होते, पण भोकं एका रेषेत येईनात.

"भाभी!" मी ओरडले. "पूनमभाभी! कील लेके आओ, कील!"

भाभी धावत आली आणि दारातच थबकली. "अरे बाप रे! चाचाजी, आप ये क्या कर रहे हो?"

"झाड लावतोय," तुम्ही मराठीत म्हणालात. त्या वेळीसुद्धा.

भाभीनं खिळा आणला. तीही खाटेवर चढली आणि दोघांनी मिळून फॅन थोडा वर उचलला. भोकं जुळली. बोल्ट आत गेला. त्याच्या टोकात मी खिळा घातला आणि पकडीनं दोन्हीकडून वाकवला. मग आपण तिघंही खाली बसलो. तुमच्या कपाळावरून घाम गळत होता. ओठ निळसर दिसत होते. मी पाणी दिलं, पाठ चोळली. श्वास बसल्यावर तुमचं पहिलं वाक्य काय होतं आठवतं? "फॅन डोक्यात पडला असता तर भावकी म्हनली असती, सुनंनंच पाडला."

आपण हसलो. भाभीला मराठी अर्धंच कळतं, तरी तीही हसली. मग मी मेन चालू केला. बटण दाबलं.

कट्... कट्... कट्.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत, भाभीकडं बघितलंत आणि हळूच म्हणालात, "बेअरिंग."

त्या दिवशी वाटलं होतं की बोल्टमुळं तुमचा तो प्रश्न वाहून गेला. वाहून कसला जातोय! तुम्ही तो मनात धरून ठेवलात.

पुढच्या आठवड्यात माझी पहिली पाळी होती. दुपारी उन्हातून घरी आले तर हुकाला फॅन नाही. खाटेवर तुम्ही नाही. पूनमभाभी म्हणाली, "चाचाजी ने मेरे आदमी से पंखा उतरवाया. बोरी में डाल के दौंड गए. बोले बेअरिंग बदलना है."

दौंडला! शिरूर इथून एवढं जवळ. कारेगावातसुद्धा मोटर बांधणारे आहेत. आणि तुम्ही पोत्यात फॅन घालून, न्हावरा, चौफुला करत, गाड्या बदलत, भर उन्हात दौंडला गेलात. दौंडला कोण राहतं ते मला माहीत होतं. मी तुम्हाला फोन लावला. तुमचा फोन ट्रंकेवर वाजला.

ती दुपार कशी गेली ते मलाच ठाऊक. फॅन नाही, वारा नाही. दारात उभी राहायचे, रस्त्याच्या वळणापर्यंत जायचे, परत यायचे. तुम्ही आता दिलीपकडंच राहणार, असंही एकदा वाटलं. नातू आहे तिथं. माझ्याकडं काय आहे? करपलेल्या भातावरची भांडणं.

दिवस मावळायला तुम्ही आलात. खांद्यावर पोतं. मी ते काढून घेतलं, पाणी दिलं. तुम्ही खिशातून एक लहानशी लोखंडी कडी काढलीत आणि माझ्या हातावर ठेवलीत. जुनं बेअरिंग. बोटात धरून फिरवलं तर आतल्या गोळ्या खडखडत होत्या, एक तर अर्धी झिजलेली. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "हां," तुम्ही म्हणालात. "बोल आता."

मी बोलले. पण त्याबद्दल नाही.

"शिरूरला बेअरिंग मिळत नाही का, मामा?"

"दौंडला वळखीचा मिस्तरी हाय."

"तुमचा मिस्तरी कुठं राहतो ते माहितेय मला."

तुम्ही पायातल्या चपला काढल्यात. सावकाश. "पोराला बगून आलो," तुम्ही म्हणालात. "खोटं कशाला बोलू? चालाय लागलाय. माझ्यावानी कपाळ हाय त्याचं."

मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी उलटली, परत उलटली. ताट वाढलं. तुम्ही पहिला घास घेतलात आणि मग माझ्या तोंडून ते निघालंच. "मला मोकळं करायचंय तुम्हाला, की त्या पोराला नाव द्यायचंय? मी सही केली की दौंडातल्या तिचं लग्न लागेल, पोराला बाप कागदावर मिळेल. त्यासाठी मला विचारत होतात ना, स्टुलावर चढवून?"

तुम्ही घास ताटात ठेवलात. मला वाटलं नाकाराल, चिडाल. तुम्ही सरळ माझ्याकडं बघून म्हणालात, "दोन्ही."

"दोन्ही?"

"व्हय. दोन्ही. त्या लेकराचा काय गुन्हा हाय? आन् तुझा तरी काय हाय? दोघंबी अडकून पडलाय एका मानसापायी. तू त्याची वाट बघतीस, पर त्यो येनार न्हाई, सुजाता. मी आज डोळ्यांनी बगून आलो. रमलाय त्यो तिकडं."

तुम्हाला वाटत होतं मी त्याची वाट बघतेय. शेवटपर्यंत वाटत राहिलं. आणि मी ते तसंच वाटू दिलं, कारण खरं सांगायला जीभ उचलत नव्हती. दिलीप माझ्या मनातून केव्हाच उतरला होता. पण तो कागद झाला की मी तुमची कोण? सून नाही. लेक तर नव्हतेच. मग कुठल्या नात्यानं तुम्ही माझ्या खोलीत राहणार, कुठल्या नात्यानं मी तुमच्या भातावर ओरडणार? पडद्यावरून बोललेल्या बायका उद्या काय बोलतील? तुम्ही भिडस्त माणूस. दुसऱ्याच दिवशी ट्रंक भरली असतीत. माझी एक सही म्हणजे तुमचं केंदूरला एकटं परत जाणं, असं मी धरून बसले होते. हे तुम्हाला सांगणं म्हणजे तुम्ही मला हवे आहात असं तोंडावर म्हणणं. ते आपल्याकडं कुणी म्हणतं का, मामा? सून सासऱ्याला?

फॅन परत लागला. या वेळी नवा बोल्ट, नवी पिन. बटण दाबलं आणि आवाज नाही. काहीच नाही. तुमच्या औषधाच्या गोळ्यांचं पाकीट वाऱ्यानं फडफडायचं ते ऐकू यायचं. आपण दोघं मोजकं बोलायला लागलो. तुम्ही भात लावायचात, मी खायचे. एकदा पाणी बरोबर पडलं होतं, भात मोकळा झाला होता आणि मी काही म्हणाले नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, "भात कसा झालाय?" मी म्हटलं, "बरा आहे." चांगला झाला होता, मामा. फार चांगला झाला होता.

मग एका सकाळी तुम्हीच अबोला मोडलात. मी डबा भरत होते. "शिरूरला वकिलाकडं जाऊ आपन," तुम्ही म्हणालात. "मी येतो संगं. तू एकटी नको जाऊस." मी म्हटलं, "हा उन्हाळा जाऊ द्या." तुम्ही म्हणालात, "बरं." त्या 'बरं'मध्ये राग नव्हता. मी ते पाळीभर मनात घोळवत होते.

उन्हाळा गेला नाही, तुम्हीच गेलात. छातीत दुखतंय म्हणालात तेव्हाही मला वाटलं आता म्हणाल, बेअरिंग गेलंय. नाही म्हणालात. नुसता माझा हात धरलात. पूनमभाभीच्या नवऱ्यानं गाडी बघितली. शिरूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्ही होतात. गाडीत मी तुम्हाला पदरानं वारा घालत होते आणि तुम्ही डोळ्यांनी 'पुरे' म्हणत होतात. मी थांबले नाही. त्याच वेळी सांगायला हवं होतं असं लोक म्हणतील. त्या वेळी माणूस वारा घालतो, मामा. बाकी काही सुचत नाही.

आता कालचं सांगते. हे तुम्हाला माहीत नाही.

जेवणं झाली. लोक पांगले. मी विहाराच्या नळावर हात धूत होते, तर दिलीप येऊन उभा राहिला. वाळलाय. दाढी वाढलीय. किती तरी दिवसांनी आम्ही दोघं असे समोरासमोर उभे होतो.

"आबा फॅन घेऊन आले होते," तो म्हणाला. "दौंडला."

"माहितेय."

"घरात आले न्हाईत. पोतं उंबऱ्यापाशी ठेवलं आन् भाईरच बसले. पोराला मांडीवर घेतलं. मी म्हनलं, आबा, च्या तरी घ्या. न्हाई म्हनले. म्हनले, सुजाताला मोकळी कर. ती कोर्टाची पायरी आपनहून चढायची न्हाई, तू वकील बघ, तू पुढं हो. मानानं कर सगळं."

मी नळ बंद केला.

"मी म्हनलं, करतो. पर मग तुमी हिकडं या. नातू हाय. ती मोकळी झाल्यावर तुमी तिच्याकडं कोन म्हनून ऱ्हानार?" दिलीपनं दाढीवरून हात फिरवला. "तर आबा म्हनले, ते तिच्या हातात हाय. तिनं ऱ्हावा म्हनलं तर ऱ्हाईन. नको म्हनली तर केंदूरला जाईन. पर तिला इचारायचं धाडस मला हुईना, असं म्हनले. आन् पोराला माझ्याकडं देऊन मिस्तरीकडं गेले."

मी तिथंच कट्ट्यावर बसले.

धाडस होईना! पडणारा फॅन हातांवर धरायचं धाडस झालं तुम्हाला आणि हे विचारायचं झालं नाही? मी त्या खोलीत तुमच्यासमोर रोज बसत होते. भाकरी वाढत होते. नुसतं म्हणायचं होतं, "मी ऱ्हाऊ का?" मी 'हो' म्हटलं असतं. तव्यावरची भाकरी जळू देऊन म्हटलं असतं. तुम्ही घाबरत होतात आणि मी घाबरत होते आणि वर तो फॅन, आपण दोघांनी मिळून गप्प केलेला, गार वारा घालत होता. मला रडू आलं नाही. तुमचा इतका राग आला की दिलीपला वाटलं मी त्याच्यावरच चिडलेय. तो दोन पावलं मागं सरला.

मग रागातच मी त्याला सांगितलं, "सही देते मी. वकील तू बघ. शिरूरला बोलव, मी रजा टाकून येईन."

त्याला खरं वाटेना. "नक्की?"

"नक्की. पोराचं नाव लागू दे नीट."

तो हात जोडायला लागला. मी म्हटलं, राहू दे. मी विहारात जाऊन तुमचा फोटो उचलला. कार्यक्रमासाठी शिरूरच्या स्टुडिओतून मोठा करून आणलेला, तो निळ्या शर्टातला. हार काढून ठेवला आणि फोटो पांढऱ्या उपरण्यात गुंडाळायला लागले. दिलीप मागं आला.

"ह्यो मी नेतो," तो म्हणाला. "पोराला आजा कसा होता ते दिसंल. बापाचा फोटू लेकाच्या घरात असतो."

भावकीतले दोघं जवळ होते. त्यांनीही माना हलवल्या. रीत तीच आहे. आणि आत्ताच मी सून नसण्याचं कबूल करून बसले होते.

मी गाठ मारली. "तुला दुसरा काढून मिळेल स्टुडिओत," मी म्हटलं. "हा माझा आहे."

"मी लेक हाय त्यांचा."

"मी कुठं नाही म्हणतेय?"

कुणी आडवं आलं नाही. आज सकाळी जीपमध्ये फोटो मांडीवर घेऊन बसले. सगळ्या वाटेवर कुणी माझ्याशी बोललं नाही. मामा, मला पक्कं ठाऊक आहे, तुम्ही असतात तर मला बाजूला घेऊन म्हणाला असतात, "दे गं पोरी. लेक हाय त्यो माझा. लेकराला बघू दे." आणि आपलं तिथंच जुंपलं असतं, भावकीदेखत.

म्हणा. कितीही वेळा म्हणा. मी देणार नाही.

— सुजाता